तांबड्या डब्यातली काडतुसं

ऑर्व्हल ट्वेटनला त्या दिवशी यश आलं आणि तिथेच घात झाला. दोन हिवाळे तो तळघरात एकाच काडतुसाच्या मागे लागला होता. कुठल्याही कारखान्यात न बनणारं, घरच्या घरी बेतलेलं काडतूस. नेमबाजीच्या क्लबातले लोक अशा काडतुसाला वाइल्डकॅट म्हणत, आणि ज्याचं स्वतःचं एकही नाही त्याला कॉफी आणायला पिटाळत. ऑर्व्हलला हवी होती आवाजाहून सावकाश जाणारी गोळी, म्हणजे हवेत तो कडाका उठत नाही. सावकाश गोळीत दम राहायचा तर ती जड हवी, जड म्हणजे लांब, आणि लांब गोळी सावकाश सोडली की वाटेत डुगडुगते. त्या डुगडुगीपायी त्याने सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.

आज मात्र झाडलेल्या सगळ्या गोळ्या निशाणावर कपाच्या बुडाएवढ्या जागेत बसल्या. गडी हरखून गेला. उरलेली काडतुसं त्याने हाताला लागेल त्या रिकाम्या डब्यात भरली, डबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि शेजारच्या सेल्मरकडे फुशारकी मारायला गेला. सेल्मरने अर्धं ऐकलं, अर्धं जांभईत घालवलं.

परत आला तर टेबलावर डबा नव्हता. भिंतीवरची लव्हॉनची रायफलही नव्हती. लव्हॉन म्हणजे त्याची बायको. परवाच कोल्ह्याने तिचं एक कोकरू नेलं होतं आणि तेव्हापासून ती दात खाऊन होती.

ऑर्व्हलला एकदम तो डबा आठवला. डबा तांबडा होता, दोनशे तेवीस मापाच्या काडतुसांचा. त्याचं वाइल्डकॅटही दोनशे तेवीसचीच पितळी नळी कापून, तिचं तोंड रुंद करून बनवलेलं. बुडावर ठसा अजून जुनाच. डब्यात काडतुसं बूड वर करून बसतात, तेव्हा वरून पाहणाऱ्याला फरक कळायचा नाही. आणि लव्हॉनची रायफल, तिच्या वडिलांची, दोनशे तेवीसचीच. त्या रायफलच्या अरुंद नळीत ही जाड गोळी कोंबली जाऊन बार उडाला, तर रायफल तिच्या गालापाशीच फुटणार होती. आधी डब्याला चिठ्ठी, मग डब्यात काडतुसं, हा धडा क्लबातल्या प्रत्येक नवशिक्याला ऑर्व्हलच कान धरून शिकवायचा.

त्याने लव्हॉनला फोन लावला. तिचा फोन घरातच ओट्यावर, रुबार्बच्या भाजीच्या देठांशेजारी वाजला. मग त्याने गाडी काढली आणि कुरणाच्या चढावर पिटाळली. फाटक उघडायला उतरला, तोच वरून बार ऐकू आला. फाटकाला धरून तो नुसता उभा राहिला. पुढे जायची हिंमत होईना. देवा, तिचे डोळे तेवढे राख, एवढंच तो पुटपुटत होता.

मग वरून शिव्या ऐकू आल्या. अस्सल, भरघोस, कोल्ह्याच्या सात पिढ्यांना उद्धरणाऱ्या. तो धावत वर गेला. लव्हॉन कुंपणाशी धडधाकट उभी होती.

"निसटला मेला," ती म्हणाली. "तुझ्यामुळे. काय भरून ठेवलंयस त्या डब्यात? एक घातलं तर मागचा बोल्टचा दांडा पुढे जाऊन बसेना. तळहाताने दाबलं, तरी बसेना. शेवटी काढलं आणि बाबांच्या कोटाच्या खिशातलं जुनं एक घातलं. तोवर कोल्हा पार ओढ्यापलीकडे."

तिने ते काडतूस त्याच्या हातावर ठेवलं. ऑर्व्हलने पाहिलं आणि तो मटकन गवतात बसला. लांब गोळी काडतुसाच्या पितळी नळीत जवळजवळ अर्धी मागे रेटली गेली होती. आणखी एक रेटा, की बोल्ट बसला असता.

सेल्मरला काहीही सांगता आलं असतं, लव्हॉनला थापा मारता येत नव्हत्या. त्याने सगळं सांगितलं: डबा, ठसा, घाई. सांगता सांगता रडला. ती ऐकत राहिली, मग रायफल बाजूला ठेवून त्याच्याजवळ खाली बसली.

"कुणासाठी गं एवढी घाई केली मी," तो म्हणाला. "सेल्मरसाठी. तो तर ऐकतही नव्हता."

"बरं, आता गप. आहे ना मी." तिचाही आवाज थोडा हलला. "क्लबात कोण सांगणार हे?"

"मी सांगतो."

"तू मऊ करून सांगशील. मी सांगते." तिने ते काडतूस त्याच्या हातातून काढून कोटाच्या खिशात टाकलं. "आणि हे माझ्याकडे राहू दे. कुणाला अक्कल शिकवायला लागलास की टेबलावर काढून ठेवीन, आपण म्हातारे होईपर्यंत."

"ठेव," ऑर्व्हल म्हणाला. "रोज ठेव."

त्याने तिचा तो तळहात दोन्ही हातांत घेतला. बोल्ट दाबून दाबून त्यावर लाल वळ उठला होता. मेंढ्या पुन्हा चरायला लागल्या तरी त्याने तो सोडला नाही, आणि एरवी हात धरला तर झटकून टाकणाऱ्या लव्हॉननेही तो तसाच राहू दिला.