गुटगुटीत बाळाचा चषक

मी एक चषक आहे. पितळी, दोन कानांचा, वरून चकचकीत मुलामा. माझे भाऊ पळण्यात, पोहण्यात, कुस्तीत गेले. माझ्यावर मात्र कोरलं गेलं, 'गुटगुटीत बाळ : पहिला क्रमांक'. थोडक्यात, मी नुसतं बसून राहिल्याबद्दलचं बक्षीस.

मला जिंकणारा दहा महिन्यांचा होता. जन्मला तेव्हा जेमतेम दोन किलोचा. "काडीपैलवान आहे गं," आत्या म्हणाली आणि ते त्याच्या आईच्या मनाला लागलं. मग दुधात साखर आणि त्या दुधात बिस्किटं. रडला की भूक लागली, हसला की अजून मागतोय. परीक्षकांनी त्याला फक्त काट्यावर ठेवलं. काटा तेरावर गेला, टाळ्या पडल्या. विजेता तेव्हा झोपला होता.

पुढे शाळेत पळताना त्याला धाप लागायची. "खात्यापित्या घरचा आहे," आई सांगायची आणि मला पुसून ठेवायची.

एक्केचाळिसाव्या वर्षी जिना चढताना त्याच्या छातीत कळ आली. दोन स्टेंट बसले. आई मला पिशवीत घालून दवाखान्यात गेली.

"बघा डॉक्टर, लहानपणी याला काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही!"

डॉक्टरीणबाईंनी मला उलटसुलट पाहिलं. "काकू, थोडं कमी पडायला हवं होतं. हृदयाची घडण पाळण्यापासूनच सुरू होते."

"हल्लीच्या डॉक्टरांना अनुभव नाही," घरी येताना आई पुटपुटली.

आता घरात सात महिन्यांची नात आहे. अंगाने बारीक, पण दिवसभर लाथा झाडते. पुढच्या महिन्यात तीच गुटगुटीत बाळाची स्पर्धा. आजीने अर्जही भरला. परवा सून आंघोळीला गेली आणि आजीने नातीच्या दुधात साखरेचा चमचा बुडवला.

"आई, थांब." मुलगा भिंतीच्या आधाराने आत आला.

"अरे, एका चमच्याने काय होतंय?"

"माझंही एकाच चमच्याने सुरू झालं असेल ना? की दवाखान्यातली माझ्या शेजारची खाट हिच्यासाठी आत्तापासून अडवून ठेवायचीय?"

आजीने दूध मोरीत ओतलं. मग त्याच्याकडे न बघताच तिने विचारलं, "अजून दुखतं का रे तुला?"

'जेवलास का'खेरीज तिने त्याला दुसरं काही विचारलेलं मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं.

त्या दिवसापासून मला कोणी पुसलेलं नाही. मी काळा पडत चाललोय. कृपा करून पडू द्या.