कुंकवाखालचा दिवा

पासलीच्या देवीपुढं घट बसायच्या सकाळी सौदामिनीबाईंनी रेकॉर्डिंगचं यंत्र मांडलं, तेव्हा पहिला वाद झाला तो बसण्यावरून.

भोरला आपल्या छोट्या स्टुडिओत शिकवताना प्रद्युम्नने बजावलं होतं, "मावशी, चार माईक, चार ट्रॅक. प्रत्येक आवाजाची वाट वेगळी ठेवा. एकीचा आवाज दुसरीच्या माईकात शिरला, की तांदळातले खडे निवडत बसाल." म्हणून बाईंनी गाणाऱ्या चौघींना चार कोपऱ्यांत चार पोती अंथरली. चौघींनी ती उचलून एका जागी आणली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"लांब बसाया आमी काय भांडलोय व्हय?" चंद्राबाई म्हणाल्या. "धोंडाबाईच्या तोंडावरनं उचलायचं असतंय. त्या कोपऱ्यातनं काय उचलू?"

बाई माईक जवळ घेऊन आल्या. नवरात्रात तंटा नको.

देवीला उठवायचं ते गाणं. धोंडाबाई एक कडवं म्हणून थांबायच्या, मग तिघी ते झेलायच्या. वर्षातून एकदा, घट बसताना, आणि एकदाच. उठलेल्या देवीला पुन्हा उठवत नाहीत. यंदा धोंडाबाईंच्या गळ्यात गाठ निघाली होती. दसरा झाला की पुण्याला ऑपरेशन, आणि आवाज राहील न राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांनीच निरोप धाडला होता, "बाई, माजं गानं कुटंतरी भरून ठिवा. पोरींना ऐकाया तरी ऱ्हाईल." पासलीची देवी बाईंची कुलदेवी. त्यांनी देवापुढं सुपारी ठेवली आणि सगळा पावसाळा ते यंत्र शिकण्यात घातला.

बाईंनी चार माईकांची चारही बटणं दाबली. चारांवर तांबडे दिवे लागले. समई उजळायला त्या वळल्या, तोवर चंद्राबाईंनी करंडा काढलाच. नव्या नांगराला लावतात तसं प्रत्येक बटणावर हळद, कुंकू, बोटानं. बाईंनाही ते बरं वाटलं. परत येऊन त्यांनी पाहिलं, चारही तांबडी. मग रेकॉर्डिंग सुरू करायची पाचवी कळ दाबली. देवीपुढं कान झाकून कसं बसायचं, म्हणून हेडफोन मांडीवरच राहिला.

आणि धोंडाबाई अशा गायल्या, की पुजाऱ्याच्या हातातली घंटा थांबली.

दुपारी भोरला येऊन बाईंनी सोवळ्यानं लॅपटॉप उघडला. तीन ट्रॅकवर डोंगराच्या ओळीसारख्या लाटा. पहिला ट्रॅक, धोंडाबाईंचा, सपाट. ताणलेल्या दोरीसारखा. त्यांनी यंत्र चालू करून पहिलं बटण अंगठ्यानं पुसलं. कुंकू निघालं. खाली दिवा नव्हताच. लावताना या एकावर बोट जोरात दाबलं गेलं, दिवा विझला, आणि वरचं कुंकूच दिवा होऊन बसलं.

संध्याकाळच्या पोथीत त्यांचं लक्ष लागेना. पुन्हा म्हणा, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? जिनं जन्मात स्वतःचं व्रत मोडलं नाही, तिनं दुसरीला मोडायला लावायचं?

सकाळी त्या प्रद्युम्नकडे गेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पहिला ट्रॅक उघडला, मिटला.

"मावशी, इथं काहीच आलेलं नाही. कुठून काढू?"

"बरं," बाई हळू म्हणाल्या. "मग तिघींचं तरी नीट लावू या. झेलणाऱ्यांचं तरी राहू दे."

हेडफोन घालून त्यांनी एकेक ट्रॅक सुटा ऐकायला घेतला. चंद्राबाईंचा लावला. आधी बांगड्या वाजल्या, कुणीतरी खाकरलं. आणि मग, चंद्राबाई तोंड उघडायच्या आधी, जरा लांबून, पण सबंध, धोंडाबाई. पहिलं कडवं. ते संपल्यावर चंद्राबाईंनी झेललं. पुन्हा धोंडाबाई.

बाईंनी हेडफोन काढून प्रद्युम्नच्या हातात दिला.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "लांब बसवलं नव्हतं?"

"ऐकलं नाही त्यांनी."

"नशीब. आणि दोघी एकदम गातच नाहीत, म्हणजे खडे वेगळेच पडलेत. धोंडाबाई आल्या की पडद्यावरची ही आवाजाची पट्टी वर सारायची, चंद्राबाई आल्या की खाली. तुम्हीच करा. हात तुमचा हलका आहे."

बाईंनी तेच केलं. कडव्यामागून कडवं, देवघरातली वात सारावी तशी पट्टी सारत. दूरचा आवाज हळूहळू समोर येऊन बसला.

दसरा झाल्यावर, घट उठल्यावर, त्या पासलीला गेल्या. आता ऐकायला हरकत नव्हती. धोंडाबाई पदर गळ्याशी धरून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माजाच हाय. पर चंद्रीच्या घरातनं आल्यावानी वाटतोय."

"मग भाडं दे," चंद्राबाई म्हणाल्या.

धोंडाबाई हसल्या, गाठीवर हात ठेवून. "आता त्या डाक्टरला काय कापायचं ते कापू दे. माजं हितं ऱ्हायलंय." आणि बऱ्याच दिवसांनी भाकरी मागून घेतली.

चंद्राबाई करंडा घेऊन उठल्या. बाईंनी यंत्र चटकन पालथं केलं आणि दोन्ही हातांनी पुढं धरलं.

"यंदापासून पाठीला लावा, चंद्राबाई."