काकींच्या शेजारी अंथरलेली घोंगडी

मित्रांनो, नाक मुरडू नका! मी जुनी, काळी, टोचणारी घोंगडी आहे. सणसरच्या आप्पांच्या मेंढ्यांची लोकर, चिंचोक्याची खळ आणि घोंगड्या विणणाऱ्या सणगराचा माग, यांतून माझा जन्म झाला. पुढे मेंढ्या गेल्या, ऊस आला आणि मी पेटीत पडले. घरात मऊ ब्लँकेटांचे लाड सुरू झाले. वाईट वाटायचं हो!

आप्पांची धाकटी लेक नकोशी. तिसरीही मुलगीच झाली म्हणून हे नाव पडलं, पण पोरगी जिद्दीची. ती पुण्याला विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला निघाली, तेव्हा वसतिगृहात अंथरायला आप्पांनी मला बरोबर दिलं. माझ्यावर बसून ती पाठ करायची, "समुपदेशकाने आधी ऐकावे." मीही ऐकत होते.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात पळसदेवला तिच्या चुलतीचा, चंद्राबाईंचा, मुलगा संभाजी गेला. धरणाचं पाणी मागं हटलं की उसाला पाणी देणारी मोटर पुढं सरकवावी लागते; ती सरकवताना तो बुडाला. तेव्हापासून काकी ना बोलत, ना जेवत. नुसती हाडं उरली. एक माणूस गेलं, आता दुसरंही जातंय, म्हणून घरचे हबकले.

परीक्षा संपताच मला वळकटीत बांधून नकोशी थेट पळसदेवला आली. शिकवल्याप्रमाणे तिनं दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. पण भेटायला आलेले आप्पा ओसरीवर बसलेले, आणि थोरल्या दिरासमोर काकी जन्मात खुर्चीवर बसल्या नव्हत्या. कशाबशा काठावर टेकल्या. पदर ओढून मान खाली घातली.

"काकी, बोला ना."

काकींनी नुसती मान हलवली. नकोशीचं तोंड उतरलं. मग तिचं तिलाच उमगलं. तिनं खुर्च्या बाहेर काढल्या, दार लोटलं, मला जमिनीवर अंथरलं आणि काकींना खेटून बसली. काकी माझ्या काठाच्या दशा पिळत राहिल्या. किती वेळ गेला!

"मीच म्हनले त्याला," काकी एकदम बोलल्या. "ऊस वाळतोय, आजच मोटर सरकव म्हनून. मीच धाडलं गं!"

बाकी सगळे 'देवाची मर्जी' म्हणून मोकळे झाले होते. नकोशी तसं काही बोलली नाही.

"एवढं वझं एकटीनंच वागवलं, काकी?"

काकींनी टाहो फोडला. माझी लोकर आसवांनी भिजली.

दिवस कलल्यावर काकी डोळे पुसून म्हणाल्या, "भाकर हाय का गं, नकोशे?"

मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका, अधूनमधून ऊन दाखवा. आणि घरात कुणी असं मुकं झालं, तर मला पेटीतून काढा, अंथरा, त्याच्या शेजारी बसा. मी टोचेन. पण तुम्ही आधी उठू नका.