उपासाचं विचारलं नाही

उठल्यावर काय घेतलं?

चहा. मग हॉस्टेलवर साबुदाण्याची खिचडी, दोनदा. महाशिवरात्र, सुट्टी.

(पेशंटला असंच विचारायचं असतं. उठल्यापासून झोपेपर्यंत, क्रमाने. लोक खाल्लेलं विसरतात. विद्यापीठात आहारशास्त्राला प्रवेश घेतला की पहिलं हे शिकवतात. मी आता शेवटच्या वर्षाला आहे, सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करते, आणि कोंडीरामकाकांना मी क्रमाने विचारलं होतं. कोंडीरामकाकांना मी)

थांब. क्रमाने.

मधल्या वेळेत?

काही नाही. मंडईत गेले होते. रूममेट शेफालीला कवठं हवी होती. रताळ्यांचे ढीग लागले होते, मातीसकट. मी एका गाळ्यावर कोथिंबीर मागितली तर बाई म्हणाली, "आज कोण जेवतंय, ताई? रताळी न्या."

आज कोण जेवतंय.

कवठं तिथेच राहिली.

कोंडीरामकाका लोणी काळभोरचे. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दोन डायलिसिसच्या मधे रक्तात पोटॅशियम साठतं. फार साठलं तर हृदय थांबतं, आधी फारसं न कळवता. परवा त्यांना घरी सोडलं तेव्हा आहार मी समजावला. भाजी बारीक चिरून उकळा, पाणी फेकून द्या. वरण थोडं. केळं नको, शहाळं नको. त्यांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, सगळं मला परत म्हणून दाखवलं. एक चूक नाही. मी खूश झाले.

पोळी, भाजी, भात, वरण. जेवणाचं सगळं सांगितलं होतं. न जेवायच्या दिवसाचं काहीच नाही. रताळं, बटाटा, शेंगदाणे: पोटॅशियमने ठासून भरलेलं ताट, आणि त्याला आपल्यात कोणी जेवण म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

पुढचं डायलिसिस उद्या.

दुपारी?

दुपारी काकांच्या घरी फोन. रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं. महादेवाला गेले असतील. झोपले असतील. झोपले

स्वारगेटहून लोणी काळभोरची बस मिळाली. खिडकीशी बसून पुन्हा फोन, पुन्हा. सोनाली मॅडमना लावायला हवा होता. त्या रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ, माझ्या इंटर्नशिपवर सही त्यांची. नंबर काढला. मोबाइल पालथा ठेवला. काय सांगू? आधी बघून तर येऊ. काही झालंच नसेल तर उगीच कशाला.

हे मी हडपसरपर्यंत करत होते. हेही लिहायला हवं.

मग लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"रडतेयस का?"

"नाही."

"मग आधी एकशे आठला फोन कर. त्यांचा पत्ता दे. मी डायलिसिस युनिटला कळवते. रडायचं नंतर बघू."

चहाच्या वेळी?

काका ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. जिवंत. मी इतकी हसले की द्वारकाबाईंना वाटलं, सणाची आलेय. त्यांनी आत बोलावलं, फराळाचं घ्या म्हणाल्या. मग अभिमानाने सांगितलं, तुमी सांगितलेलं सगळं पाळलंय, आज तर अन्नाला शिवले पण न्हाईत.

मी विचारलं, काय काय घेतलं. क्रमाने. सकाळी उकडलेली रताळी गुळासंगं. दुपारी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी. मधे खजूर.

काका म्हणाले, "पाय माझे न्हाईत असं वाटतंय, ताई. दुसऱ्याचे लावल्यागत."

मनगट हातात घेतलं. ठोका. मग मोठी रिकामी जागा. मग ठोका. त्या रिकाम्या जागेत मी अख्खी मावत होते.

द्वारकाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "तुमी केळं नको म्हणालात. केळं दिलं न्हाई मी."

"नाही दिलंत, मावशी. मी उपासाचं विचारलं नाही."

रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईपर्यंत मी मनगट सोडलं नाही.

संध्याकाळी?

रुग्णालयात. सलाइनमधून औषध, मग डायलिसिसचं मशीन. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघितली, माझ्याकडे बघितलं नाही. खूप वेळाने म्हणाले, ठोके जागेवर येताहेत, अजून तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. द्वारकाबाई बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्या सरकल्या, जागा द्यायला की लांब जायला, कळलं नाही.

सोनाली मॅडम आल्या. मी उभी राहिले. इंटर्नशिपबद्दल काही बोलतील असं वाटलं.

"आपल्या अभ्यासक्रमात महाशिवरात्र नाही," त्या म्हणाल्या. "पेशंटच्या घरी असते. या महिन्यात किडनीचे आणखी किती जण समजावलेस तू?"

मला एकदम सगळे चेहरे दिसले. सासवडचे गुरुजी. धायरीच्या सुशीलाबाई, त्या तर दर सोमवारी

"मग बघत काय बसलीस?"

आणखी काही?

सुशीलाबाईंना फोन लावलाय. रिंग जातेय.

जातेय.