उजेडाचं टेबल

"जाऊबाई, ओठाला काय झालं हो तुमच्या?"

धाकटीने विचारलं तेव्हा थोरलीच्या चिमट्यात एक किडा लोंबत होता. तिने तो पाण्याच्या वाटीत सोडला, माशाचा तुकडा पुढे सरकवला, आणि मगच ओठावरून जीभ फिरवून पाहिली. वरचा ओठ दुसऱ्या कुणाचा तरी आणून चिकटवल्यासारखा लागला.

"काही नाही. दाताखाली आला असेल."

"दाताखाली येऊन एवढा?"

"काम कर."

दोघी सख्ख्या भावांच्या बायका. माशांच्या कारखान्यात त्यांची घरातलीच नावं चालत आली होती, थोरली आणि धाकटी. थोरलीला इथे बावीस वर्षं झाली होती, धाकटीला नऊ. दोघी उजेडाच्या टेबलावर होत्या. हे टेबल म्हणजे दुधी काचेचा लांबलचक पाट, खालून दिवे लावलेला. काटे काढलेला माशाचा तुकडा त्या काचेवर ठेवला की आरपार दिसतो, आणि त्यात किडा असला तर गुंडाळलेल्या दोऱ्यासारखी त्याची सावली पडते. तो चिमट्याने अलगद ओढायचा. मध्ये तुटला तर अर्धा आत राहतो. बाया किड्याला पाहुणा म्हणत. "माझ्याकडे आज पाहुणे फार," असं कुणी म्हटलं की नवीन बाईला वाटे, घरी गर्दी आहे.

थोरली पहिल्या खुर्चीवर बसे. पहिली खुर्ची म्हणजे मानाने पहिली, जागेने टेबलाचं शेवटचं टोक. सगळ्यांच्या हातून सुटलेलं तिच्यापाशी सापडे. तिच्या खुर्चीवरून पुढे गेलेला मासा परत आला, असं बावीस वर्षांत दोनदा झालं होतं, आणि दोन्ही वेळा ती रजेवर होती.

जेवणाच्या सुट्टीआधी टेबल धुवायची पद्धत होती. नळीने जोरात पाणी मारलं की हवेत बारीक धुकं उठे, त्यात माशांचं, किड्यांचं, सगळ्याचंच पाणी असे. बाया तेवढ्यापुरतं तोंड फिरवत. त्या दिवशी थोरलीने तोंड फिरवलं आणि तिला श्वास घ्यायचाच राहून गेल्यासारखं झालं. घशात कुणीतरी बोळा कोंबला. मानेपासून पोटापर्यंत गांधी उठल्या. ती घाबरली नाही. पाण्याचा आवाज लांब लांब जातोय, हात थंडीने बधिर होतात तसंच आता सगळं अंग होतंय, एवढंच तिला कळलं. पडताना तिने चिमटा मात्र नीट काचेवर ठेवला. धाकटी पुढे कित्येक दिवस हे सगळ्यांना सांगत होती.

सुपरवायझरने आपल्या गाडीतून तिला दवाखान्यात पोचवलं. त्याला बाया मागून बर्फ म्हणत, कारण तो कशानेच तापत नसे. त्या दिवशी मात्र त्याने दोन सिग्नल तोडले.

इंजेक्शनने तासाभरात ती माणसात आली. डॉक्टरीणबाई पन्नाशीची होती, आवाज घोगरा, हातात पेन फिरवायची सवय.

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"चहा. ब्रेडचे दोन तुकडे."

"मासे?"

"सहा महिने झाले, तोंडात घातला नाही. खाल्ला की खाज सुटायची. म्हटलं, दिवसभर त्याच्यातच असतो आपण, शरीराला वीट आला असेल."

"आणि कामावर?"

थोरलीने मनगट चादरीखाली ओढलं. कामावर डोळे चुरचुरत, नाक गळे, मनगटावर चट्टे उठत. पण नाक तिथे सगळ्यांचंच गळे. थंड खोलीत नाक गळणार नाही तर काय होणार?

आठवड्याने तिला तपासणीला बोलावलं. नर्सने हाताच्या आतल्या बाजूला शाईने पाच ठिपके काढले, प्रत्येकापाशी एकेक थेंब टाकला आणि सुईने टोचलं. पंधरा मिनिटं थांबायचं, खाजवायचं नाही. तीन ठिपके तीन जातींच्या माशांचे होते, पाचवा तुलनेसाठी नुसत्या पाण्याचा. ते तसेच राहिले. चौथा फुगत फुगत बटणाएवढा झाला.

"मासा निर्दोष आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तुम्हाला किड्याची अ‍ॅलर्जी आहे."

"मी किडे खात नाही हो बाई. काढते."

नर्सला हसू आलं. डॉक्टरीणबाईला आलं नाही. तिने सांगितलं ते थोरलीने नंतर घरी जसंच्या तसं सांगितलं. किडा मेला, बर्फात गोठला, शिजला, तरी त्याच्या अंगातलं काहीतरी उरतंच. ते हाताला लागतं, पाण्याच्या फवाऱ्याबरोबर नाकात जातं. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की एखाद्याचं शरीर त्याच्याशी वैर धरतं. सगळ्यांचं धरत नाही. पण एकदा धरलं की सोडत नाही.

"त्या टेबलावर परत जायचं नाही. एक दिवसही नाही. पुढच्या वेळी गाडी वेळेवर पोचेलच असं नाही."

"मग कुठल्या टेबलावर जायचं?" थोरलीने विचारलं.

डॉक्टरीणबाईचं फिरणारं पेन थांबलं. "कुठल्याच नाही," ती म्हणाली.

मग तिने एक फॉर्म दिला. तो कामगार कार्यालयाचा होता. कामामुळे झालेला आजार म्हणून नोंद व्हायला हवी, चार पानं भरून आणा, म्हणाली.

थोरलीचा नवरा बस चालवायचा. बोलायला कंजूष. तिने सगळं सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला. जरा वेळाने उठला, दाराशी ठेवलेले तिचे रबरी बूट साबणाने घासून धुतले, उन्हात वाळवले आणि माळ्यावर टाकले. आपल्याला रडू यायला हवं, असं थोरलीला वाटलं. तिने वाट पाहिली. आलं नाही. तिने भांडी घासायला घेतली.

फॉर्मचा सातवा प्रश्न होता: कामाच्या ठिकाणी आणखी कुणाला असा त्रास आहे काय? असल्यास नावे लिहा.

ही बातमी कारखान्यात कशी पोचली कोण जाणे. भिंतींना कान असतात म्हणतात, थंड खोलीच्या भिंतींना जास्तच असावेत. दुसऱ्या दिवशी बर्फ घरी आला. खुर्चीच्या कडेवर टेकला.

"ताई, तुमचं जे आहे ते बिनधास्त लिहा. कुणी अडवत नाही. पण बाकीच्यांची भानगड कशाला? सगळ्यांची तपासणी लागली तर टेबल बंद पडेल. त्यांचं कसं व्हायचं? तुम्हाला मी गेटवर बसवतो. बसून काम. आल्या-गेल्याची नोंद फक्त."

"गेटपर्यंत वास येतो?"

"थोडासा."

"डोळे लाल झालेत तुमचे," थोरली म्हणाली.

"झोप झाली नाही," तो म्हणाला आणि डोळे चोळत उठला.

त्याच संध्याकाळी धाकटी आली. दोन्ही घरांत भिंत एकच होती आणि स्वयंपाकघरांच्या मधे एक दार, जे कधी लावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. धाकटी त्या दारातून आली आणि नेहमीसारखी ओट्याला टेकली.

"मला पहिल्या खुर्चीवर बसवलं," ती म्हणाली.

"कळलं."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत."

"काय म्हणू? तुझी नजर चांगली आहे. मीच शिकवली."

धाकटी हसली आणि हसता हसता खोकली. तो खोकला थोरलीला पाठ होता. शिफ्टच्या पहिल्या तासात सुरू व्हायचा, रात्रीपर्यंत टिकायचा, सुट्टीच्या दिवशी पळून जायचा. धाकटी म्हणायची, गारठा बाधतो. उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचा झगा घालायची, आणि त्या बाह्यांखाली काय आहे ते थोरलीने न्हाणीघराच्या दारात एकदा पाहिलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत, लाल, ओरबाडलेलं.

"सातवा प्रश्न कोरा ठेवा," धाकटी म्हणाली.

"तुला श्वास लागतो."

"कुणाला लागत नाही? जाऊबाई, नऊ वर्षं मी तुमच्या मागून सरकत सरकत तिथपर्यंत पोचलेय. घरातही तुमच्या मागे, कामावरही तुमच्या मागे. आता एकदा कुठे पुढे बसलेय. तुम्ही माझं नाव लिहिलंत तर लोक काय म्हणतील सांगू? स्वतःची गेली, म्हणून जावेचीही घालवली."

"म्हणू दे लोकांना."

"मीही म्हणेन," धाकटी म्हणाली.

ती गेल्यावर थोरली बराच वेळ ओट्यापाशी उभी होती. धाकटीचं बोलणं तिला लागलं नव्हतं. गेले काही दिवस काहीच लागत नव्हतं, दारात बोट सापडलं तरी ती नुसती बोटाकडे बघत राहिली होती. ती फक्त हिशेब लावत होती, की धाकटी म्हणते त्यात खरं किती. पहिली खुर्ची गेल्याचं आपल्याला वाईट वाटतंय का? वाटत असावं. मग नाव लिहिलं तर ते कुठल्या हाताने लिहिलं जाईल, काळजीच्या की असूयेच्या?

चार दिवस फॉर्म कपाटावर पडून राहिला. सहा प्रश्न भरलेले, सातवा कोरा.

पाचव्या दिवशी दुपारची शिफ्ट सुटल्यावर थोरली खिडकीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटी गल्लीतून येताना दिसली. त्यांच्या घराला रस्त्यापासून सहा पायऱ्या होत्या. धाकटी तीन चढली आणि थांबली. एक हात भिंतीवर, दुसरा छातीवर, खांदे वर ओढलेले, तोंड उघडं. कुणी बघत नाही असं समजून माणूस जसं उभं राहतं तशी उभी. थोरलीने कपडा खाली ठेवला आणि दाराकडे निघाली, तेवढ्यात धाकटीची नजर खिडकीवर गेली. तिने झटकन हात खाली घेतला, बाही सारखी केली आणि थोरलीकडे बघून हसली. मग उरलेल्या तीन पायऱ्या चढली. ते हसू थोरलीला बघवलं नाही.

तिने फॉर्म काढला आणि धाकटीचं नाव लिहिलं, आडनावासकट पूर्ण. लिहिताना अडखळली. इतक्या वर्षांत तिने ते कधी लिहिलं नव्हतं, "अगं" म्हणून भागत होतं. एकदा ते लिहून झाल्यावर बाकीची आपोआप आली. डोळे सुजणारी, कानामागे चट्टे उठणारी, दर महिन्याला सर्दीची रजा काढणारी. बावीस वर्षं बघायचंच काम केलेली बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार? सात नावं झाली. शेवटी तिने बर्फाचंही घातलं. त्याचं खरं नाव तिला ठाऊक नव्हतं, म्हणून नुसतं "सुपरवायझर" लिहिलं.

तीन आठवड्यांनी कारखान्यात तपासनीस आले. टेबल दोन दिवस बंद राहिलं. थोरली बाजारात गेली की कारखान्यातल्या बाया भाजीकडे बघत पुढे सरकत. एकीने तोंडावर विचारलं, "झालं समाधान?" थोरलीने भाजी पिशवीत भरली आणि घरी आली. स्वयंपाकघरांमधलं दार त्या दिवशी लागलेलं होतं. पलीकडून कडी घातली होती. नवऱ्याने दाराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतः चहा केला. पांचट झाला होता. तिने सगळा प्यायला.

तपासणीसाठी टेबलावरच्या बायांना कारखान्याच्या गाडीने दवाखान्यात आणलं, त्याच सकाळी थोरलीला पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. बाया ओळीने आत गेल्या, ओळीने बाहेर आल्या, प्रत्येकीच्या हातावर शाईचे पाच ठिपके. समोरच्या दोन बाकांवर त्या दाटीने बसल्या. धाकटी सगळ्यांत शेवटी आली. जागा उरली होती ती थोरलीच्या शेजारी. धाकटीने इकडेतिकडे पाहिलं, आणि बसली. मधे एक पर्स ठेवली.

"पंधरा मिनिटं," नर्स सगळ्यांना म्हणाली. "कुणीही खाजवायचं नाही."

एरवी याच बायांच्या गप्पांनी थंड खोली दुमदुमायची. आता प्रत्येक बाई मांडीवर उताणा हात ठेवून त्याच्याकडे बघत होती.

धाकटीच्या हातावरचा चौथा ठिपका आधी गुलाबी झाला. मग त्याची कड उचलली गेली. थोरलीला ते तिरक्या नजरेने दिसत होतं, आणि धाकटीलाही दिसत होतं. तिचा दुसरा हात हळूहळू तिकडे सरकला, नखं जवळजवळ टेकली. थोरलीने पर्सवरून हात नेऊन तो धरला आणि खाली ठेवला. सोडला मात्र नाही. धाकटीने ओढून घेतला नाही.

"किती झाली?" धाकटीने विचारलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"आठ मिनिटं."

"अजून सात."

"हो."

ठिपका फुगत होता. समोरच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला आणि लगेच गिळला.

"पहिल्या खुर्चीवर आता कोण बसेल?" धाकटी म्हणाली.

"बसेल कुणीतरी."

धाकटीने मान हलवली. तिच्या झग्याची सैल बाही घसरून ठिपक्यांवर यायला लागली होती. थोरलीने ती कोपरावर घेतली, एक घडी घातली, मग दुसरी, आणि पुन्हा खाली येऊ नये म्हणून बोटांनी घट्ट दाबली.