दारावरचा प्रश्न

मामाने उत्तर टाइप केलं, एन्टरचं बटण जरा जास्तच जोरात दाबलं आणि हाताची घडी घालून मागे टेकला. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : ‘उत्तर चुकले. आपल्याला सभासद होता येणार नाही.’

“हे काय? बिघडवलंस ना?”

“मी अजून बोटही लावलेलं नाही,” भाची म्हणाली. “पुन्हा बघ. नवा माणूस असल्यासारखा आत ये, एवढंच करायचंय तुला.”

ती वेबसाइटी बनवायची आणि तिच्या धंद्यात एक साधी रीत होती. दुकान रंगवायला काढण्याआधी मालकाला रस्त्यावर उभं करायचं आणि गिऱ्हाईक म्हणून आत यायला सांगायचं. बहुतेक मालक उंबऱ्यावर अडखळत. मामा तर उंबऱ्यापर्यंतही पोचला नव्हता.

‘जुनी शिलाई मशीन मित्रमंडळ’ हा मामाचा फोरम पंधरा वर्षांचा होता. मोडकी मशीन मिळवायची, उघडायची, गंज काढायचा, पुन्हा जोडायची आणि मग त्यावर तावातावाने लिहायचं, असा सगळा उद्योग. मामा पूर्वी तंत्रशाळेत फिटरचं काम शिकवायचा, त्यामुळे तिथे सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याच्या बैठकीच्या खोलीतल्या लांब फळीवर नऊ मशीन ओळीने उभी होती. प्रत्येकाचा काळा रंग असा चकचकीत, की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

आता या मंडळाला घरघर लागली होती. फोरम ज्या संगणकावर चालायचा तो एका जुन्या सभासदाच्या, गुरांच्या डॉक्टरच्या, दवाखान्यात होता. डॉक्टरने मागच्या आठवड्यात जाहीर करून टाकलं : महिनाअखेरपर्यंत दहा नवे सभासद आले नाहीत तर मी बटण बंद करणार, रिकाम्या घराची राखण करायचं माझं वय राहिलेलं नाही. महिना संपायला पाच दिवस उरले होते. मामाने जेवण कमी केलं. शेवटी मामीनेच भाचीला फोन केला, की बाई, जमलं तर येऊन जा.

दारावरचा प्रश्न असा होता : ‘मशीन टाके सोडत असेल, तर सर्वप्रथम काय तपासाल?’ तो मामानेच लावला होता, आठ वर्षांपूर्वी, जेव्हा वजन कमी करण्याच्या गोळ्यांच्या जाहिराती टाकणाऱ्या यांत्रिक सभासदांनी फोरमवर उच्छाद मांडला होता.

मामाने आधी लिहिलं होतं, ‘शटल आणि सुई यांच्या वेळेचा मेळ’, म्हणजे खालचा दोरा वाहणारं शटल सुईला वेळेवर गाठतंय की नाही. मग लिहिलं, ‘टायमिंग’. मग रागाने, ‘शटलचे टायमिंग, दुसरं काय!’ लाल अक्षरं काही हलली नाहीत.

भाचीने साइटचं पोट उघडलं. आत एकच उत्तर मंजूर होतं : ‘शटलची वेळ’. तेवढेच दोन शब्द, एक कमी नाही की जास्त नाही.

“म्हणजे तेच की!” मामा म्हणाला. “मी तेच तर सांगतोय.”

“तू सांगतोयस, पण पहारेकऱ्याला अक्कल नाही. त्याला तू त्या दिवशी जे सांगितलंस, तेच हवंय.”

“मग लोक आले कसे आत?”

“कोण आले?”

आठ वर्षांत कोणीही आलं नव्हतं. लग्नकार्यात, बारशात, जिथे दोन माणसं ऐकायला बसतील तिथे मामा सांगायचा, की हल्ली कुणाला कसली आवडच राहिली नाही, सगळ्यांना आयतं पाहिजे. आणि अडचण आली तर काय करायचं हेही दारावर लिहिलेलं होतं : ‘शंका असल्यास मंडळात विचारावी.’ मंडळात विचारायला आधी सभासद व्हावं लागत होतं. भाचीला हसू आलं, पण मामाचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

तेवढ्यात तिला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती खुर्चीत सरळ बसली.

“मामा, याने सगळी चुकलेली उत्तरं जपून ठेवलीत. ईमेलच्या पत्त्यासकट.”

“किती?”

“सहाशे त्रेचाळीस.”

मामाने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. सहाशे त्रेचाळीस वेळा कोणीतरी दार वाजवलं होतं, आणि तो आत बसून दार वाजत नाही म्हणून कुढत होता.

“वाच,” तो म्हणाला.

ती वाचू लागली. ‘सुई.’ ‘सुई बोथट झाली असेल.’ ‘सुई बदलून पाहावी.’ ‘माहीत नाही, म्हणूनच तर विचारायला आलोय.’ ‘आजीचं मशीन माळ्यावरून काढलं. चाक फिरतं पण सुई हलत नाही. कुणी आहे का?’

“अरे, चाकाच्या मधली चकती ढिली असणार!” मामा जवळजवळ ओरडलाच. “आवळली की झालं. दोन मिनिटांचं काम. कधीचं आहे हे?”

“सहा वर्षांपूर्वीचं.”

मामाने कागद-पेन्सिल ओढली. ‘मी नाटकमंडळीचे कपडे शिवतो, जाड कापडाला कुठलं मशीन बरं?’ मामाने लिहून घेतलं. ‘पट्टा सारखा घसरतो.’ लिहून घेतलं. ‘कुणी आहे का?’ हे वाक्य इतक्या जणांनी लिहिलं होतं, की भाची ते नुसतं ‘पुन्हा तेच’ म्हणून पुढे जाऊ लागली. तासाभरात मामाची कळी खुलली होती. हळहळतही होता आणि हरखलाही होता.

“सुई म्हणणारेच निम्मे आहेत,” भाची म्हणाली. “बरोबर नाही का ते?”

“ते काय उत्तर झालं? सुई तर शेंबडं पोरही तपासेल. मला माणूस किती खोल पाण्यात उतरलाय ते बघायचं होतं.”

पुढचं पान उघडलं आणि भाचीचा हात माउसवर थबकला. एक पत्ता तिच्या ओळखीचा होता. तो तिनेच उघडून दिला होता, दवाखान्याची वेळ घ्यायला सोपं जावं म्हणून. तो मामीचा होता.

ती पान पुढे सरकवणार, तोच मामा म्हणाला, “थांब, थांब. ही बाई बघ. एकदा नाही, चौदा वेळा आलीय! हिची सगळी उत्तरं एकाखाली एक लाव बरं. काय चिकाटी आहे.”

आता नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. भाचीने लावली. मामाने खुर्ची पुढे घेतली आणि स्वतःच मोठ्याने वाचू लागला.

“‘सुई उलटी बसली असेल.’ हं. ‘सुई उलटी बसली असेल, चपटी बाजू बघावी.’ ‘दोरा जुना असेल तरी होतं.’ बाईला अनुभव आहे हां. शिवणारी दिसतेय.” तो खाली सरकला. “‘उत्तर येत नाही, पण आत काय चाललंय ते बघायचंय. पलीकडच्या खोलीतून हसू ऐकू येतं.’ हे काही कळलं नाही. ‘थंडीत पट्टा आखडतो म्हणून मी रात्री तो चाकावरून उतरवून ठेवायचे. हे कुणाला सांगावं म्हणून लिहिलं.’ अगं, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं!”

त्याने ते वहीत उतरवून त्याखाली रेघ मारली. भाची खिडकीबाहेर बघत बसली. आतून मामी कपड्यांच्या घड्या घालत असल्याचा झटकण्याचा आवाज येत होता.

“हे शेवटचं, मागच्या वर्षीचं. ‘आता उत्तर देत नाही. आमच्या घरात मशीन आहेत, पण शिवायला एकही नाही. हात लावला की तेलाचे डाग पडतील म्हणतात. त्यातलं एक मी लग्नात आणलं होतं. दुरुस्त करतो म्हणून घेतलं, ते फळीवर गेलं.’” मामाने पेन्सिल आपटली. “काय माणूस असेल हा! बायकोचं मशीन काढून घेतो आणि फळीवर मांडतो? याला तर मंडळात बोलावून चार शब्द…”

शेवटचा शब्द तोंडातच राहिला.

मामाने मान वळवली आणि फळीकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे, एकेका मशीनवर थांबत. उजवीकडून दुसऱ्या मशीनवर नजर गेली तेव्हा तो तिथेच थांबला. त्या मशीनच्या अंगावर सोनेरी वेल होती. तीन आठवडे खपून त्याने ती वेल पुन्हा रंगवली होती, आणि फोरमवर तिची खूप वाहवा झाली होती.

“तुला माहीत होतं?” त्याने विचारलं.

“पत्ता ओळखला. आत्ताच.”

भाचीला त्याची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदमच आले.

मामा उठला. वेलीचं मशीन त्याने दोन्ही हातांनी फळीवरून उतरवलं आणि टेबलावर ठेवलं. कपाटातून दोऱ्याचं रीळ काढलं, खालच्या शटलमध्ये दोरा भरला, रीळ वरच्या खिळ्यावर बसवलं, दोरा जिथून जिथून न्यायचा तिथून बिनचूक नेला. एवढं सगळं तो झोपेतही करू शकला असता. पण सुईच्या नाकाशी आल्यावर त्याचं घोडं अडलं. त्याने दोऱ्याचं टोक ओलं केलं, पीळ दिला, एक डोळा मिटला, मग दुसरा. पाच वेळा दोरा बाजूने निघून गेला. नऊ मशीन ज्याने स्क्रूपर्यंत खोलून जोडली होती, त्याने दोरा ओवल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

“अगं,” त्याने हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा लहान होता. “जरा येतेस? मला दोरा ओवता येत नाहीये.”

मामी हातात अर्धी घडी घातलेली उशीची खोळ घेऊन दारात आली. तिने आधी टेबलावरचं मशीन पाहिलं, मग फळीवरची रिकामी जागा. मग तिची नजर पडद्यावर गेली. तिथे तिचीच चौदा उत्तरं एकाखाली एक उभी होती.

“वाचलंत?”

“सगळी.”

“मोठ्याने वाचत होतात. शब्द कळले नाहीत, मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं वाचताय.”

“मलाही तसंच वाटलं,” मामा म्हणाला.

मामीने खोळ खुर्चीच्या पाठीवर टाकली, पदराला हात पुसले आणि खुर्ची ओढून मशीनपुढे बसली. हात तेवढ्यापुरता वेलीवरून फिरला. मग ती सुईपाशी वाकली, बोटाने सुई चाचपली आणि तशीच थांबली.

“अहो,” ती म्हणाली, “सुई उलटी बसवलीये.”

भाचीने ओठ दाताखाली धरले. मामा वाकला, चष्मा कपाळावर चढवून त्याने पाहिलं, मग नाकावर उतरवून पाहिलं. चपटी बाजू खरंच चुकीच्या अंगाला होती. शोभेच्या मशीनची सुई कोण तपासतो? फोरमवर टाकलेल्या फोटोतही ती तशीच होती आणि वाहवा करणाऱ्या तेवीस जाणकारांपैकी कुणालाही ते दिसलं नव्हतं.

“एक टाका पडला नसता,” मामी म्हणाली.

“नसता पडला,” मामा म्हणाला, आणि त्याने स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.

भाची संगणकाकडे वळली. रंग, बटणं, फोनवर नीट दिसणारी पानं हे सगळं उद्या झालं असतं तरी चाललं असतं. तिने सहाशे त्रेचाळीस उत्तरांमागचे पत्ते एकत्र केले. चौदा वेळा आलेला पत्ता वगळला, कारण त्या बाईंना ईमेल पाठवायची गरज राहिली नव्हती. तिने लिहिलं : ‘तुम्ही आला होतात तेव्हा दार चुकून बंद राहिलं. माफ करा. आता या.’

“मामा, दारावर प्रश्न काय ठेवायचा? काहीतरी ठेवावा लागेल, नाहीतर गोळ्यावाले पुन्हा येतील.”

“हिला विचार.”

मामीने मान वर केली नाही. “काय शिवताय, एवढंच विचार. माणूस असेल तर सांगेल.”

“पण मग उत्तर बरोबर की चूक ते यंत्राला कळणार नाही. कुणीतरी बसून वाचावं लागेल.”

“मी वाचेन की.”

भाचीने प्रश्न बदलला आणि ईमेल सोडली. मामीने उशीच्या खोळीची उसवलेली कड सुईखाली धरली आणि चाकाला हात घातला. मशीन आधी कुरकुरलं, मग चालू लागलं. मामा बाजूला उभा राहून खाली पडणाऱ्या टाक्यांकडे बघत होता. सारखे, जवळ जवळ, एकही सुटलेला नाही. तेलाचा एक थेंब खोळीवर पडला. त्याने खोळीचं लोंबतं टोक उचलून धरलं.

संगणक टिंग वाजला. एरवी त्या आवाजावर मामा जेवणाच्या ताटावरूनही उठायचा. थोड्या वेळाने आणखी एकदा वाजला, मग लागोपाठ तीनदा. भाची मोजत होती. दहा झाले तेव्हा तिने डॉक्टरला निरोप पाठवला, की बटणाला हात लावू नका. अकरावा वाजला तेव्हा तिने वळून पाहिलं.

“मामी, दारात लोक उभे आहेत. बघतेस ना?”

“राहू देत जरा,” मामी म्हणाली. “आठ वर्षं थांबलेत. एवढी शिवण होईपर्यंत थांबतील.”