घरात कुणालाच नाही

सकाळी साडेआठला रुग्णालयाच्या दारात शिंपीण खोटं बोलली. तसं शब्दशः खोटं नव्हतं. कपाळावर तापमापक रोखून रखवालदाराने विचारलं, "घरात कुणाला ताप, खोकला?"

"घरात कुणालाच नाही."

नवरा रात्रीपासून खाली तिच्या शिलाईच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर झोपला होता. खोकत होता. निघताना शटरआडून त्यानेच पढवलं होतं, "मी घरात आहेच कुठे? बिनधास्त सांग. मागच्या खेपेला पेशी कमी म्हणून परत पाठवलं, आता माझ्यापायी केमो चुकायला नको." कुणालाही शब्दांत गुंडाळायची त्याची खोड जुनीच. ती हसलीही होती.

आत खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. सलाईन सुरू झालं तशी नेहमीच्या काकूंनी, निवृत्त टेलिफोन ऑपरेटरनी, आपली खुर्ची पायाने रेटत जवळ आणली.

"काय गं शिंपिणी, आज तोंडाला टाके घातलेस?"

"लांब बसा ना, काकू."

"दोघींच्या डोक्यावर मिळून चार केस. आता कसले नखरे!" मास्क हनुवटीवर ओढून काकूंनी आल्याची गोळी तोंडात टाकली, दुसरी तिच्या हातावर ठेवली.

तेव्हा सांगायला हवं होतं. पण औषध थेंबथेंब उतरत होतं. सांगितलं असतं तर नळी निघाली असती. तिनेही मास्क खाली केला. गोळी बेचव लागली. औषधांनीच तोंडाची चव गेली असणार, असं तिने स्वतःला समजावलं.

तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. रुग्णालयाला कळवायला तिने फोन उचलला, आणि खाली ठेवला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा फोन तिकडूनच आला. सिस्टर होत्या.

"तुमच्या शेजारच्या काकूंना ताप आहे. त्या दिवशी घरात कुणी आजारी होतं?"

"घरात..." खालून खोकल्याची उबळ ऐकू आली. "दुकानात होता."

"काकूंनीच फोन करायला लावला," सिस्टर म्हणाल्या. "सारखं विचारतायत, शिंपीण बरी आहे ना."

मान खाली घालायला समोर कुणी नव्हतं, तरी तिने घातली.

फोन ठेवता ठेवता सिस्टरनी सांगितलं, काकूंना दुपारपासून प्राणवायू लावला आहे. त्यांचा रिपोर्ट अजून यायचा आहे.